डुकराच्या पिल्लाची दुसरी गोष्ट

गेल्या महिन्यात या सदरात दिवाळीच्या सुट्टीत मुलांबरोबर बघायला मी दोन चित्रपट सुचवले होते. एक १९९५ चा ‘बेब’ आणि दुसरा त्याचाच १९९८ मधला पुढचा भाग, ‘बेब: पिग इन द सिटी’. एरवी माझ्याकडे पत्रं येतात ती गोचिडांची, खरजेची, रात्रभर भुंकणाऱ्या कुत्र्यांची. या वेळी निम्म्याहून जास्त पत्रं त्या डुकराच्या पिल्लाची निघाली, आणि त्यातली बहुतेक दुसऱ्या भागाबद्दल. म्हणून हा महिना त्याचा. बाकीच्यांना पुढच्या अंकात नक्की उत्तर देते.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट सांगते. पहिल्या भागात बेब हे पोरकं पिल्लू हॉगेट नावाच्या अबोल शेतकऱ्याकडे येतं, मेंढ्या राखणाऱ्या कुत्रीच्या मायेत वाढतं आणि मेंढ्या हाकण्याची स्पर्धा जिंकतं. दुसऱ्या भागात विहिरीतला पंप दुरुस्त करताना मालक जबर जखमी होतो, आणि तेही मदतीला धावलेल्या बेबच्या चुकीमुळे. हप्ते थकतात, बँकेची माणसं दारात येतात. पैशांसाठी मालकीणबाई बेबला घेऊन परगावच्या जत्रेला निघते, पण विमानतळावर अडकून पडते. मग ही दोघं एका अनोळखी शहरात, जनावरांना चोरून आसरा देणाऱ्या एका हॉटेलात येऊन राहतात.

“दुसरा भाग आम्ही पाडव्याच्या संध्याकाळी लावला. मुलगी (वय ७) आधी खुशीत होती. तो दांडगा कुत्रा बेबच्या मागे लागला तशी ती माझ्या कुशीत शिरली. आम्ही टीव्ही बंद केला. रात्री ती दोनदा दचकून उठली. विनोदी कौटुंबिक चित्रपट असा असतो का?”
— एक आई, चिपळूण

ताई, लेकीला त्रास झाला याचं मला फार वाईट वाटलं. दुसरा भाग पहिल्यापेक्षा काळोखा आहे हे मी ठळकपणे लिहायला हवं होतं, ते राहून गेलं. सहा वर्षांच्या आतल्या मुलांना पहिलाच भाग दाखवा, दुसरा थोडा थांबू द्या.

पण तुम्ही टीव्ही बंद केलात ती जागा मला नेमकी दिसते आहे, म्हणून सविस्तर लिहिते. बुल टेरिअर बेबच्या मागे हॉटेलभर, मग गल्ल्यांतून, कालव्यापर्यंत धावतो. तिथं त्याची साखळी पुलाला अडकते, तो खाली लटकतो आणि त्याचं डोकं पाण्यात जातं. बघायला सगळी जनावरं जमलेली असतात, पण जागचं कुणी हलत नाही. ज्याचा जीव घ्यायला तो निघाला होता ते पिल्लूच पाण्यात उतरतं आणि एक छोटी होडी ओढत ढकलत त्याच्या अंगाखाली आणतं. कुत्र्याला टेकायला जागा मिळते, तो श्वास घेतो. तुमच्या मुलीनं पाठलाग पाहिला आणि होडी पाहिली नाही. तिच्या मनात तो कुत्रा अजून मागेच लागलेला आहे.

मी ३१ वर्षं सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत काढली. पलूस भागातल्या एका गावात असाच एक कुत्रा विहिरीत पडला होता. दोघा-तिघांना चावलेला, त्यामुळे काठावरचा प्रत्येक माणूस म्हणत होता की जाऊ द्या त्याला. कुत्रा गोल गोल पोहत होता आणि दर फेरीला दगडावर नखं घासत होता. तो खरखर आवाज वरपर्यंत यायचा. शेवटी एका म्हाताऱ्यानं घरातून बाज आणवली, चार कोपऱ्यांना चार कासरे बांधले आणि आम्ही ती सावकाश खाली सोडली. जुन्नर भागात बिबट्या विहिरीत पडला की वनखात्याची माणसं हेच करतात, खाट सोडतात. बाज पाण्याला टेकली तरी कुत्रा आधी लांबच राहिला. मग त्यानं पुढचे दोन पाय ठेवले, मग छाती. वर आल्यावर अंग झटकलं, आम्ही सगळे भिजलो, आणि तो ज्या पोराला चावला होता त्याच्याच शेजारी जाऊन बसला.

चित्रपटातही नंतर तसंच होतं. तोच बुल टेरिअर बेबचा पाठीराखा होतो आणि शहरातल्या भुकेल्या, हाकललेल्या जनावरांना बेब हॉटेलात आसरा देतो. या भागाचे दिग्दर्शक जॉर्ज मिलर मुळात डॉक्टर. सिनेमात पुरते उतरण्याआधी त्यांनी सिडनीत रुग्णालयात काम केलं आहे. दुखणं न लपवता दाखवायचं आणि लगेच त्याच्याजवळ बसायचं, ही डॉक्टराची रीत मला या चित्रपटात दिसते.

म्हणून माझं सांगणं एवढंच: तो प्रसंग पुन्हा लावा, पण दिवसा, खिडक्या उघड्या ठेवून. आधी तिला शेवट सांगून टाका, की कुत्रा वाचतो आणि दोस्त होतो. रिमोट तिच्या हातात द्या. तिला थांबवावंसं वाटलं तर थांबवू दे, फक्त होडी येईपर्यंत पोचा.

“हा दुसरा भाग साफ पडला होता ना? मग सुचवलात कसा?”
— एक वाचक, ठाणे

पडला होता, खरं आहे. सुमारे नऊ कोटी डॉलर खर्चून केलेला हा चित्रपट नोव्हेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत आला आणि जगभरातून तेवढीही कमाई झाली नाही. पहिल्या भागातली हिरवी कुरणं बघायला आलेल्या लोकांना इथं अंधारं शहर दिसलं. पण जीन सिस्केल या अमेरिकेतल्या नावाजलेल्या समीक्षकानं त्या वर्षातला सर्वोत्तम चित्रपट म्हणून हाच निवडला होता. मला विचाराल तर मी त्यांच्या बाजूची. पहिल्या भागात बेब चांगला आहे, कारण त्याच्याभोवती माणसं चांगली आहेत. दुसऱ्या भागात त्याला कुणी ओळखतही नाही, तरी तो तसाच राहतो. मुलांना मला हेच दाखवायचं होतं.

“मी आठवीत आहे. प्राणी बोलताना त्यांचं तोंड इतकं खरं कसं हलतं? आमच्या मांजरावर मी मोबाइलमध्ये तसं करून पाहिलं, पण ते खोटं दिसतं.”
— एक विद्यार्थी, नांदेड

तुझा प्रश्न मला फार आवडला. पहिल्या ‘बेब’मध्ये तीन गोष्टी एकत्र केल्या होत्या. एक म्हणजे खरे, शिकवलेले प्राणी. दुसरी, यंत्रावर हलणाऱ्या हुबेहूब बाहुल्या. तिसरी, संगणकावर घडवलेलं तोंड: खऱ्या प्राण्याचं चित्रण करायचं, त्याच्या जबड्याची प्रतिकृती संगणकात तयार करायची आणि ती चित्रातल्या तोंडावर तंतोतंत बसवायची. हे काम ‘रिदम अँड ह्यूज’ या कंपनीनं केलं. पुढे या कंपनीचा मुंबईतही स्टुडिओ होता. त्या वर्षी दृश्य परिणामांच्या ऑस्करसाठी अंतराळयानावरचा ‘अपोलो १३’ समोर होता, आणि जिंकलं हे डुकराचं पिल्लू.

‘पिल्लू’ एक नव्हतंच. पहिल्या भागासाठी ४८ पिल्लं वापरली. लार्ज व्हाइट यॉर्कशायर ही ती जात, आपल्याकडच्या वराहपालनातही सर्रास दिसते. जन्मताना पिल्लू सव्वा-दीड किलोचं असतं आणि दोन महिन्यांत दहा-पंधरा किलोंवर जातं. चित्रीकरण चालतं महिनोन्‌महिने, तोवर नायक पडद्यात मावेनासा होणार. म्हणून एक तुकडी मोठी झाली की दुसरी तयार ठेवायची.

आता तुझ्या मांजराचं. तू तोंड हलवलंस, पण मांजर बघत कुठे होतं? चित्रपट आवाज बंद करून दहा मिनिटं बघ आणि फक्त कानांकडे लक्ष दे. कुणी बोलायला लागलं की बेबचे कान त्या दिशेला वळतात, मान किंचित कलते, नाकपुडी हलते. डुकराची नजर फार चांगली नसते, त्याचं जग नाकात आणि कानात असतं. शिकवणाऱ्यांनी खाऊ दाखवून नेमकं तेच साधलं आहे. प्राणी ऐकतो आहे असं एकदा वाटलं की तो बोलतो हे आपोआप पटतं. ‘होमवर्ड बाउंड’ नावाच्या दुसऱ्या एका मालिकेच्या १९९६ मधल्या पुढच्या भागात दोन कुत्रे आणि एक मांजर बोलतात, पण तोंडं हलतच नाहीत. नुसते आवाज ऐकू येतात, आणि तरी आपण त्यांच्याबरोबर शहरभर फिरतो. तू पण आधी मांजराच्या समोर कागदाचा बोळा चुरगळ, ते कान टवकारून बघेल तेवढंच टिपून घे, आणि आवाज त्या टिपलेल्या नजरेवर बसव. जमलं की मला लिही.

“नातवंडांनी घरात डुकराचा सिनेमा लावला. आमच्या देवघरासमोरच टीव्ही आहे. मला ते बरं वाटलं नाही. तुमच्यासारख्या जाणत्या बाईनं दुसरा प्राणी सुचवायला हवा होता.”
— एक आजी, पंढरपूर

आजी, नमस्कार. तुमचा मान ठेवून लिहिते. डुकराला आपण घाण म्हणतो कारण ते चिखलात लोळतं. पण त्याला आपल्यासारखा घाम येत नाही. उन्हाळ्यात अंग थंड ठेवायला त्याच्याकडे पाणी किंवा चिखल, एवढाच उपाय. स्वच्छ जागा आणि पाणी मिळालं तर ते खायची जागा आणि घाणीची जागा वेगळी ठेवतं, हे मी माझ्या डोळ्यांनी कितीदा पाहिलं आहे. आपण गावातून त्याला उकिरडा दिला, म्हणून ते उकिरड्यावर दिसतं.

आणि दशावतारांत तिसरा कोण, हे मी तुम्हाला सांगायचं धाडस करत नाही. पाण्यात बुडालेली पृथ्वी सुळ्यांवर उचलून वर आणणारा तो. हे पिल्लूही एका बुडत्या जिवाला पाण्यातून वर काढतं. तेवढा प्रसंग नातवंडांशेजारी बसून बघा आणि त्यांना वराहाची गोष्ट तुमच्या तोंडून सांगा. त्यांना ती माझ्याकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेली बरी.

“दोन्ही भाग पाहिल्यापासून मुलगा (वय ९) रविवारचं मटण खात नाही. म्हणतो, ते बोलत असेल तर? घरात वाद सुरू आहेत.”
— एक वडील, नागपूर

वाद थांबवा. त्याच्या ताटात वाढू नका आणि त्याच्यासमोर चिडवू नका. डाळ, उसळ, शेंगदाणे, दूध, चालत असेल तर अंडं एवढं पोटात गेलं तर नऊ वर्षांच्या पोराचं काही अडत नाही. शेतकरी हॉगेटचं काम करणाऱ्या जेम्स क्रॉमवेल यांनी मांसाहार आधीच सोडला होता, या प्राण्यांबरोबर काम करता करता ते दूध-अंडीही सोडून बसले, तेव्हा ते पन्नाशीच्या पुढे होते. मी स्वतः मटण खाते, जनावरं मात्र जन्मभर सांभाळली. मुलगा उद्या पुन्हा खाईल किंवा खाणार नाही. पण त्यानं विचारलेला प्रश्न खरा आहे, त्याला हसू नका.

“दुसऱ्या भागात मागच्या पायांना चाकं लावलेला एक छोटा कुत्रा आहे. तो खरा असतो का? आमच्या सहा वर्षांच्या डॅशहुंडचे मागचे पाय दोन महिन्यांपासून लुळे आहेत. त्याला अशी गाडी करता येईल का?”
— एक वाचक, पुणे

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. होय, अशी गाडी खरी असते आणि तुमच्या कुत्र्याला करता येईल.

आधी बाकीच्या वाचकांसाठी एक महत्त्वाचं: डॅशहुंडची पाठ लांब आणि पाय आखूड, त्यामुळे मणक्यातली गादी सरकण्याचा धोका या जातीत जास्त. कुत्रा अचानक मागचे पाय ओढायला लागला तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. पहिले काही तास फार मोलाचे असतात. उचलताना एक हात छातीखाली, एक मागच्या भागाखाली, पाठ सरळ.

तुमच्या कुत्र्याची ती वेळ निघून गेली आहे, तेव्हा आता गाडीचं बोलू. मिरजेत असताना स्कूटरखाली आलेल्या एका पॉमेरिअनसाठी आम्ही गाडी केली होती. पाऊण इंची पीव्हीसी पाइप, चार एल्बो, सायकल दुकानातून लहान मुलांच्या तीनचाकीची दोन चाकं, आणि पोटाखाली जुन्या जीन्सचा दुहेरी शिवलेला पट्टा. पहिली गाडी पहिल्याच वळणावर उलटली, कारण चाकं अंगाला लागून होती. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच बाहेर घेतली तेव्हा ती स्थिर झाली. कुत्रा आधी पाच मिनिटं जागेवर उभा राहिला. मग मालकीणबाईंनी आतून बशी वाजवली, आणि तो व्हरांड्याच्या टोकापर्यंत असा सुटला की चाक निखळलं.

तुम्ही तीन मापं घ्या: छातीची रुंदी, पोटापासून जमिनीपर्यंतची उंची, खांद्यापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी. पाठ जमिनीला समांतर राहिली पाहिजे. मागची बाजू उंच झाली तर सगळा भार पुढच्या पायांवर येतो. सुरुवातीला दिवसातून दोनदा, पंधरा मिनिटं पुरे. गाडीत झोपू देऊ नका, एकटा सोडू नका. काढल्यावर जांघेत आणि पट्ट्याखाली कातडी लाल झाली आहे का ते रोज बघा. लघवी आपोआप पूर्ण होत नसेल तर दिवसातून तीन-चार वेळा हलक्या हातानं दाबून काढावी लागते. ते तुमच्या डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शिकून घ्या, वाचून करू नका.

चित्रपटातला तो चाकांचा, जॅक रसेल जातीचा कुत्रा जनावरं पकडून नेणाऱ्या गाडीला तोंडानं लटकतो, फरफटत जातो आणि फेकला जातो. चाक हवेत फिरत राहतं. क्षणभर तो फुलपाखरांच्या माळरानावर चारही पायांनी धावताना दिसतो. मग बेब त्याला हाक मारतो आणि तो परत येतो, पुन्हा त्याच चाकांवर. माझ्या हातून सुटलेली आणि परत आलेली कितीतरी कुत्री मला तिथं दिसतात. तुमचा कुत्रा मांडीवर घेऊन हा प्रसंग बघा.

“आम्ही सिडनीत राहतो. पहिला भाग जिथं चित्रित झाला ते रॉबर्टसन गाव पाहून आलो. सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या आहेत, त्यांना इंग्रजी येत नाही. दुसरा भाग मी शेजारी बसून मराठीत सांगत गेले. शेवटी शेतकरी बेबला जे मोजके शब्द म्हणतो, ‘दॅट्ल डू, पिग’ (That'll do, pig), तिथं मात्र अडले. तुम्ही ते मराठीत कसं म्हणाल?”
— एक वाचक, सिडनी

तुम्ही जे केलंत तेच मी नातवासाठी केलं. आवाजही वाटून दिले होते. फर्डिनंड बदकाला वऱ्हाडी दिली, ‘काहून बे, मले सोडून चाल्ला का?’ तीन उंदीर नाटकातल्या बायकांसारखे ठसक्यात बोलायचे. बुल टेरिअरला अर्थातच कोल्हापुरी: ‘ह्या पोरानं सांगितलं म्हंजे सांगितलं, काय!’ नातू नंतर आठवडाभर तेवढंच म्हणत होता.

शेवटच्या शब्दांपाशी मीही थांबले होते. मेंढ्या राखणारी माणसं काम झाल्यावर कुत्र्याला माघारी बोलावताना खरोखर तेच शब्द वापरतात. त्यात हुकूम आहे, शाबासकी आहे आणि आता विसावा घे असंही आहे. ‘शाब्बास’ म्हटलं तर फार मोठ्यानं होतं. ‘छान केलंस’ मास्तरांचं वाटतं. ‘पुरे’ तर तोडून टाकतं.

माझे वडील संध्याकाळी बैलांच्या मानेवरचं जू उतरवायचे तेव्हा तिथल्या घट्ट्यावर तळहात ठेवून थोडा वेळ उभे राहायचे आणि अगदी हळू म्हणायचे, “बास, माझ्या राजा. बास आता.” बैल मान खाली घालायचा. मी नातवाला तेच म्हटलं. पंपाला पाणी येतं, शेतकरी खाली पिल्लाकडे बघतो, तेव्हा तुम्ही सासूबाईंना हे सांगून बघा. आणि त्यांच्या माहेरी कुणी बैलाला, गाईला वेगळं काही म्हणत असेल तर त्यांनाच म्हणू द्या, आणि मला तो शब्द कळवा.